पेशींचे शेजार आणि मेंदूची घडण

ग्रहण लागणार असे कळले की आपल्या वस्त्यांमधून एक सूचना आजही घरोघर फिरते. घरात गरोदर सून असेल तर तिने त्या वेळात विळी, सुरी, कात्री, सुई यांना हात लावू नये. काही चिरू नये, शिवू नये. शक्यतो एका जागी निजून राहावे. एखाद्या सुनेला ही सूचना पाळता येत नाही, कारण घरचा स्वयंपाक थांबत नाही आणि कामावरचा खाडा परवडत नाही. पुढे मूल जन्मते. ते सुदृढ असेल तर ग्रहणाची आठवणही कोणाला होत नाही. मात्र त्याचा ओठ दुभंगलेला असेल, डोके प्रमाणाबाहेर मोठे असेल, पाठीच्या कण्यावर उघडी गाठ असेल किंवा ते उशिरापर्यंत बोलले नाही, तर त्या एका दिवसाचा हिशेब आईकडे मागितला जातो. ग्रहण सापडले नाही तर तिचा पायगुण, तिची पत्रिका, नाहीतर तिचे मागच्या जन्मीचे पाप शोधून काढले जाते.

इतिहास हा माझ्या अध्यापनाचा विषय. इतिहासाच्या तासाला मुलांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागते: हे कोणी सांगितले, कशावरून सांगितले, आणि ते पडताळून कसे पाहिले? आईवर ठेवल्या जाणाऱ्या या आरोपाला हेच प्रश्न विचारले तर उत्तरादाखल पुरावा म्हणून काहीही पुढे येत नाही. याउलट गर्भातील मेंदू कसा घडतो, त्यातील पेशी आपापल्या जागी कशा पोहोचतात आणि कधीकधी का पोहोचत नाहीत, याविषयी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत भरभक्कम पुरावा गोळा झाला आहे. त्यातील काही भाग आपल्या मुंबईत उभा राहिला आहे. तो पुरावा सोप्या भाषेत माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जागेचा प्रश्न

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज, म्हणजे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी सुमारे 16 अब्ज पेशी प्रमस्तिष्काच्या बाह्य आवरणात, म्हणजे ज्याला कॉर्टेक्स म्हणतात त्या भागात असतात. हे आवरण दोन ते चार मिलिमीटर जाडीचे असून त्याच्या बहुतेक भागात पेशींचे सहा थर आढळतात. प्रत्येक थरातील पेशींचे काम वेगळे, त्यांचे धागे जातात ती ठिकाणे वेगळी. भाषा, स्मरण, विचार, हातापायांची हेतुपूर्वक हालचाल या साऱ्यांसाठी हे थर नीट लागलेले असणे आवश्यक असते.

येथेच प्रश्न उभा राहतो. चेतापेशी जेथे काम करते तेथे ती जन्मलेली नसते. कॉर्टेक्समधील पेशी मेंदूच्या आतील पोकळीच्या काठाशी जन्म घेतात आणि तेथून बाहेरच्या दिशेने प्रवास करून आपल्या थरात स्थिरावतात. काही पेशी याहून कितीतरी लांबून, आडव्या वाटेने येतात. हा सगळा प्रवास मुख्यतः गर्भावस्थेच्या पहिल्या सहा महिन्यांत होतो.

कुर्ला स्थानकात सकाळी उतरणाऱ्या माणसाला मध्य मार्गावरून हार्बर मार्गाच्या फलाटावर जायचे असेल तर तो पाटी वाचतो, उद्घोषणा ऐकतो, कोणाला तरी विचारतो. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. मेंदूत बसून तिला दिशा दाखवणारा कोणी अधिकारी नाही आणि तिच्या जनुकांत पत्ता लिहिलेला नकाशाही नाही. तिच्यापाशी दोनच साधने आहेत. आसपास पसरलेल्या रसायनांचे कमीअधिक प्रमाण तिला ओळखता येते, आणि शेजारच्या पेशीला स्पर्श करून तिला धरावे की सोडावे हे ठरवता येते. या दुसऱ्या साधनाचा, म्हणजे धरण्या-सोडण्याचा, आपण विचार करू. हे काम पेशीच्या पृष्ठभागावरील काही विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना आसंजन-रेणू, म्हणजे चिकटवणारे रेणू म्हणतात.

चाळलेला स्पंज आणि विखुरलेला गर्भ

पेशी परस्परांना ओळखतात, याचा पहिला स्पष्ट पुरावा 1907 मध्ये मिळाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील प्राध्यापक एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातील जिवंत स्पंज घेऊन तो बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. स्पंज हा अगदी साधा प्राणी. कापडातून गाळल्यावर त्याच्या पेशी सुट्या झाल्या आणि पाण्यात विखुरल्या. काही काळाने त्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या आणि त्यांतून पुन्हा नवा स्पंज उभा राहिला. पुढे दोन भिन्न जातींच्या स्पंजांच्या पेशी एकत्र मिसळून पाहिल्या तेव्हा त्या बहुधा आपापल्या जातीच्या पेशींशीच जोडल्या गेल्या.

1955 मध्ये फिलिप टाउन्स आणि योहानेस होल्टफ्रेटर यांनी असाच प्रयोग उभयचर प्राण्यांच्या गर्भांवर केला. त्वचा बनवणाऱ्या आणि मज्जासंस्था बनवणाऱ्या पेशी त्यांनी सुट्या करून एकत्र कालवल्या. आरंभी सगळ्या पेशींचा एकच गोळा झाला. नंतर त्या हळूहळू वेगळ्या होऊ लागल्या. त्वचेच्या पेशी बाहेरच्या बाजूला आल्या, मज्जासंस्थेच्या पेशी आत गेल्या, म्हणजे गर्भात त्यांचे जे स्थान असते तेच त्यांनी गोळ्यातही घेतले. त्यांना बाहेरून कोणी मांडले नव्हते. मांडणीचे नियम पेशींच्या अंगावरच होते.

ते नियम कोणत्या पदार्थाने लिहिलेले आहेत, हे समजायला आणखी दोन दशके लागली.

एका विसंगतीचा पाठपुरावा

जपानमधील क्योतो विद्यापीठाचे संशोधक मासातोशी ताकेइची हे 1970 च्या दशकात काही काळ अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करत होते. पेशी सुट्या करण्यासाठी प्रयोगशाळेत ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य वापरतात. क्योतोमध्ये ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत असत. बाल्टिमोरमध्ये मात्र त्या चिकटेनात. पद्धत तीच, निष्कर्ष वेगळा. शोध घेता असे दिसले की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम शोषून घेणारे एक रसायन मिसळलेले होते.

या लहानशा फरकातून ताकेइचींनी मोठा अर्थ काढला. पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकटवणारे प्रथिन आहे. कॅल्शियम असेपर्यंत ते ताठ राहते आणि ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेतले की ते उघडे पडते व नष्ट होते, असे त्यांनी 1977 पासूनच्या संशोधनातून दाखवले. पुढे या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले. कॅल्शियमवर अवलंबून चिकटणारे, असा त्या नावाचा आशय आहे. त्याच सुमारास, 1977 मध्ये, अमेरिकेत जेरल्ड एडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातील चेतापेशींवरून दुसरा एक आसंजन-रेणू वेगळा काढला. त्याला कॅल्शियमची गरज नव्हती. तो एन-कॅम या नावाने ओळखला जातो.

तथापि एखादे प्रथिन पेशीवर सापडणे वेगळे आणि चिकटण्याचे काम तेच करते हे सिद्ध होणे वेगळे. 1987 मध्ये ताकेइचींच्या गटाने कॅडहेरिनचे जनुक उंदराच्या अशा पेशींत घातले की ज्या स्वभावतः एकमेकींना फारशा धरून राहत नाहीत. त्या पेशी घट्ट चिकटू लागल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी काही पेशींना एका प्रकारचे कॅडहेरिन आणि काहींना दुसऱ्या प्रकारचे कॅडहेरिन दिले व त्या मिसळल्या. दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या गटांत विभागल्या गेल्या. विल्सन यांच्या स्पंजाने आणि होल्टफ्रेटर यांच्या गर्भाने जे घडवून दाखवले होते, त्याचे कारण आता एका प्रथिनाच्या रूपाने हाती आले.

नळी मिटते, पेशी चढतात

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मध्यावर मिळतात. त्यातून एक नळी बनते. हिला न्यूरल ट्यूब म्हणतात. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू होतो, उरलेल्या भागापासून मज्जारज्जू. साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना मिटलेली असते.

पट्टी अवस्थेतील पेशींच्या अंगावर त्वचेच्या पेशींप्रमाणेच ई-कॅडहेरिन असते. नळी बनताना त्या पेशी ई-कॅडहेरिन सोडतात आणि एन-कॅडहेरिन धारण करतात. त्वचेच्या पेशी मात्र ई-कॅडहेरिन कायम ठेवतात. परिणामी नळी त्वचेपासून सुटते आणि आत जाते. कोंबडीच्या गर्भातील हा बदल 1986 मध्ये नोंदवला गेला. 1990 मध्ये बेडकांच्या गर्भात त्वचेच्या पेशींनाही मुद्दाम एन-कॅडहेरिन दिले, तेव्हा त्वचा व नळी यांची ही विभागणी बिघडली. एका रेणूच्या जागी दुसरा येणे, एवढ्याशा गोष्टीवर मज्जासंस्थेचे वेगळे अस्तित्व किती अवलंबून आहे, हे त्यावरून दिसले.

नळी मिटल्यानंतर पेशींचा प्रवास सुरू होतो. 1972 मध्ये पास्को राकिच यांनी माकडांच्या गर्भातील मेंदूचे अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि या प्रवासाची वाट दाखवून दिली. आतील पोकळीपासून बाह्य पृष्ठभागापर्यंत ग्लिया प्रकारच्या काही पेशींचे लांब तंतू ताणलेले असतात. नवजात चेतापेशी अशा एखाद्या तंतूला बिलगते आणि माडावर चढणारा माणूस बुंध्याला धरून वर सरकतो तशी ती वर सरकते. वरची पकड घट्ट करायची, खालची सैल करायची, अंग वर ओढायचे, असा तिचा क्रम असतो. या पकडीत एन-कॅडहेरिनचा मोठा वाटा आहे. पकड अजिबात नसेल तर पेशी वाटेवरून सुटते. पकड कधीच सैल झाली नाही तर ती आहे तेथेच खिळून राहते. म्हणून धरण्याइतकेच सोडणेही महत्त्वाचे असते. एन-कॅम या रेणूवर गर्भावस्थेत साखरेसदृश घटकांच्या लांब साखळ्या लटकलेल्या असतात. त्या शेजारच्या पेशीला फार जवळ येऊ देत नाहीत आणि त्यामुळे पेशी सहज सरकू शकते. मेंदू प्रौढ होताना या साखळ्या बहुतेक ठिकाणी कमी होतात आणि पेशी आपल्या जागी पक्क्या होतात.

थर लागण्याचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात राहतात. नंतर जन्मलेल्या पेशी त्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. चाळीचा एकेक मजला चढत जावा आणि प्रत्येक नव्या भाडेकरूने खालच्या बिऱ्हाडांवरून जात सर्वांत वरच्या मजल्यावर संसार थाटावा, तसा हा प्रकार आहे. कोठे थांबायचे याची खूण वरून मिळते. पृष्ठभागालगतच्या काही पेशी रीलिन नावाचे प्रथिन स्रवतात. रीलिनचा संकेत मिळाला की वर येणाऱ्या पेशीच्या पकडीत बदल होतो. 1951 मध्ये ब्रिटनमध्ये तोल जाऊन झोकांड्या खाणाऱ्या उंदरांच्या एका वाणाची नोंद झाली होती. त्यांच्या कॉर्टेक्समध्ये थरांचा क्रम ढोबळमानाने उलटा होता. त्यांच्यात रीलिनचेच जनुक बिघडलेले आहे, हे 1995 मध्ये उघड झाले. पेशी होत्या, संख्येनेही पुरेशा होत्या. त्यांच्या जागा चुकल्या होत्या.

कुलाब्यातील प्रयोगशाळा

आता एक प्रश्न राहतो. कोणत्या पेशीने कोणता रेणू धारण करायचा, हे कशावरून ठरते? प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. त्यांपैकी कोणती जागी होतील आणि कोणती निजलेली राहतील, यावरून पेशीची ओळख ठरते आणि त्या ओळखीनुसार तिच्या अंगावरचे रेणू येतात. या ओळखीच्या प्रश्नावर जगाने दखल घेतलेले काम मुंबईत झाले आहे.

कुर्ल्याहून हार्बरच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि तेथून बसने कुलाब्याचे टोक गाठले की नेव्हीनगरात, समुद्राकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. डॉ. होमी भाभा यांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत 1962 मध्ये डॉ. ओबेद सिद्दीकी यांच्या नेतृत्वाखाली जीवशास्त्राच्या संशोधनाला प्रारंभ झाला. 1999 पासून तेथे डॉ. शुभा टोळे यांची प्रयोगशाळा गर्भातील मेंदूच्या घडणीचा अभ्यास करत आली आहे. डॉ. टोळे यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. पुढील शिक्षण व संशोधन अमेरिकेत करून त्या मायदेशी परतल्या. त्यांना 2010 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2014 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

2007 मध्ये या प्रयोगशाळेने उंदराच्या गर्भात पेशींचा आजवर न ओळखला गेलेला एक प्रवाह दाखवून दिला. भय व भावना यांच्याशी संबंधित असा अमिग्डाला नावाचा भाग मेंदूत खोलवर असतो. त्यातील काही पेशी मेंदूच्या मागील बाजूस, कॉर्टेक्सशी नाते सांगणाऱ्या भागात जन्मतात आणि तेथून प्रवास करत अमिग्डालापर्यंत येतात, असे आढळले. वरवर वेगळे दिसणारे दोन भाग काही अंशी एकाच कुळातील पेशींचे आहेत, हे त्या स्थलांतरावरून समजले.

2008 मध्ये अमेरिकी सहकाऱ्यांच्या साथीने केलेले त्यांचे दुसरे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता एलएचएक्स-2 हे जनुक. हे जनुक स्वतः चिकटवणारा रेणू बनवत नाही. ते इतर जनुकांवर नियंत्रण ठेवते. संशोधकांनी असे गर्भ तयार केले की त्यांच्या मेंदूतील काही पेशींत हे जनुक होते व काहींत नव्हते. जनुक नसलेल्या पेशी कॉर्टेक्सच्या झाल्याच नाहीत. कॉर्टेक्सच्या काठावर हेम नावाची एक अरुंद किनार असते. मेंदूच्या मध्यरेषेकडील त्या पेशींनी हेमचे रूप घेतले. या भलत्या ठिकाणच्या हेमने आसपासच्या निरोगी पेशींनाही प्रभावित केले आणि तेथे हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, घडू लागला. याचा अर्थ हेम ही हिप्पोकॅम्पसची संघटक आहे. पेशी काय होणार, हे तिच्या स्वतःच्या जनुकाइतकेच तिच्या शेजारावरही अवलंबून असते.

या संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एलएचएक्स-2 हा निर्णय फक्त आरंभीच्या अल्प काळातच घेऊ शकते. तो काळ उलटल्यावर जनुक काढून टाकले तरी कॉर्टेक्सची ओळख पुसली जात नाही. मेंदूच्या घडणीत प्रत्येक कामाची वेळ ठरलेली असते. त्यातील कितीतरी वेळा आई गरोदर आहे हे कोणाला कळण्यापूर्वीच येऊन गेलेल्या असतात.

रेणू चुकतो तेव्हा

आता ज्या आरोपापासून आपण सुरुवात केली त्याकडे वळू.

ओठ आणि टाळू यांचे दोन भाग गर्भात वेगवेगळे वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकमेकांशी जुळतात. ही जुळणी पेशींच्या चिकटण्यावर अवलंबून असते. व्हेनेझुएलाच्या मार्गारिटा बेटावर दुभंगलेल्या ओठाचे व टाळूचे एक आनुवंशिक लक्षणसमूह अनेक कुटुंबांत आढळत असे. त्याचे कारण नेक्टिन-1 या आसंजन-रेणूच्या जनुकातील दोष आहे, हे 2000 मध्ये सिद्ध झाले. सर्वत्र दुभंगलेल्या ओठामागे हेच एक जनुक असते असे नाही. बहुतेक वेळा अनेक जनुके आणि गर्भावस्थेतील परिस्थिती यांचा संयोग असतो. पण कारण शोधायचे ते येथे, विळीत किंवा सुईत नव्हे. आणि या व्यंगावर शस्त्रक्रिया होऊ शकते, ही गोष्ट ग्रहणाच्या चर्चेत हरवून जाते.

डोक्यात पाणी साठून ते मोठे होण्याला अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एका आनुवंशिक प्रकारात एल-1 नावाच्या आसंजन-रेणूचे जनुक बिघडलेले असते, हे 1992 मध्ये कळले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आईकडे एक्स गुणसूत्रे दोन असल्यामुळे एक दोषयुक्त असले तरी दुसरे सांभाळून घेते व तिला सहसा काही जाणवत नाही. मुलाकडे एक्स गुणसूत्र एकच. त्यामुळे हा आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. दोष आईकडून आला, हे अशा वेळी जैविकदृष्ट्या खरे असते. परंतु त्यात तिची चूक कोणती? आपली जनुके कोणीही निवडून घेत नाही.

तिसरे उदाहरण नाकापासून सुरू होते. तारुण्यात येण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकांची साखळी सुरू करणाऱ्या काही चेतापेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या आधाराने मेंदूत शिरतात. कालमान लक्षणसमूहाच्या एका प्रकारात त्या वाटेच्या घडणीसाठी लागणारे, आसंजन-रेणूंशी साम्य असलेले एक प्रथिन सदोष असते. त्याचे जनुक 1991 मध्ये सापडले. अशा व्यक्तीला वास येत नाही आणि वयात येण्याची लक्षणेही आपोआप दिसत नाहीत. नाक आणि तारुण्य यांचा संबंध पेशींच्या प्रवासाची वाट ठाऊक असल्याखेरीज कोणाच्या लक्षात आला असता? यावर संप्रेरकांचे उपचार उपलब्ध आहेत. मुलाला कुठे दाखवायचे हे कळण्यासाठी मात्र आधी खरे कारण ठाऊक असावे लागते.

स्वमग्नतेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पेशी आपल्या जागी पोहोचल्यानंतर त्यांचे धागे परस्परांशी जोडले जातात. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना न्यूरेक्सिन आणि न्यूरोलिगिन ही प्रथिने एकमेकांना धरून असतात. 2003 मध्ये स्वीडनमधील दोन कुटुंबांतील स्वमग्न भावांमध्ये न्यूरोलिगिनच्या जनुकांत दोष आढळले. त्यानंतर अनेक जनुकांचा संबंध पुढे आला असून एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही. येथे इतिहासाची एक नोंद केली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील काही नामवंत तज्ज्ञही असे मानत की आईने पुरेशी माया न लावल्यामुळे मूल स्वमग्न होते. पुराव्याच्या कसोटीवर ते मत टिकले नाही आणि विज्ञानाने ते टाकून दिले. आईला दोष देण्याची खोड कोण्या एका देशाची वा एका समाजाची नाही. फरक एवढाच की जेथे पुरावा मागितला गेला तेथे तो दोष मागे घ्यावा लागला.

आपल्या हाती काय आहे

कारणे भौतिक आहेत असे म्हटल्यावर, त्यांतील काही टाळता येतात का, हा पुढचा प्रश्न. काही निश्चितपणे टाळता येतात.

न्यूरल ट्यूब नीट न मिटल्यास मेंदू वा कण्याची गंभीर व्यंगे होतात. 1991 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी असे व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड दिले, तेव्हा पुढच्या मुलात ते व्यंग होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. फॉलिक अॅसिड हे एक ब-जीवनसत्त्व असून त्याची गोळी अत्यंत स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की मूल होऊ देण्याचे ठरवल्यापासून गरोदरपणाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यावे. पूर्वीच्या मुलात असे व्यंग असेल तर अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवायची असते.

या शिफारशीतील ‘ठरवल्यापासून’ हा शब्द अधोरेखित करावा असा आहे. नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, मग तपासणी, मग दवाखाना, या क्रमाने गेल्यास गोळी सुरू होईपर्यंत नळीचे काम बहुधा आटोपलेले असते. म्हणून लग्न ठरलेल्या वा नुकत्याच झालेल्या मुलीला ही माहिती आधीच मिळायला हवी. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आशा कार्यकर्तीकडे त्याविषयी विचारण्यात संकोच नसावा.

दुसरी गोष्ट मद्याची. 1996 मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर असे दिसून आले की अल्कोहोल अगदी थोड्या प्रमाणातही एल-1 या रेणूच्या चिकटण्याच्या कामात अडथळा आणते. गरोदर स्त्रीने मद्य घेतल्यास गर्भाच्या मेंदूला इजा होते, हे त्याआधीच ज्ञात होते. त्यामागील एक संभाव्य यंत्रणा या प्रयोगाने पुढे आली. गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. अपस्माराच्या झटक्यांवरील व्हॅल्प्रोएटसारख्या काही औषधांनी नळीच्या व्यंगांचा धोका वाढतो; अनियंत्रित मधुमेहानेही वाढतो. यावर औषध आपल्या मनाने बंद करणे हा उपाय नव्हे, त्याने आईचा जीव धोक्यात येऊ शकतो. मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते.

हे सर्व करूनही एखाद्या मुलात व्यंग राहू शकते. कोट्यवधी पेशींच्या धरण्या-सोडण्यात कोठेतरी अशी चूक होते की जिला कोणीही जबाबदार नसते. म्हणून गोळी घेतली नाही म्हणून आईला बोल लावणे, हेही ग्रहणाच्याच आरोपाचे नवे रूप ठरेल. ज्ञानाचा उपयोग पुढच्या मुलाच्या रक्षणासाठी करायचा असतो, झालेल्या मुलाच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज परिचारिका, औषधविक्रेते, शिक्षक, रिक्षाचालक, कारकून, वस्तीतले कार्यकर्ते आहेत. अनेक विद्यार्थिनी आता आई, आत्या, मावशी, सासू झाल्या आहेत. त्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी घरात ग्रहणाचा विषय निघेल तेव्हा त्या गरोदर मुलीला वेळेवर जेवू द्यावे, तिचे काम तिला करू द्यावे आणि तिची तपासणी झाली का, एवढे मात्र अवश्य विचारावे. लग्न ठरलेल्या भाचीला आहेराच्या यादीबरोबर फॉलिक अॅसिडच्या गोळीविषयीही सांगावे. आणि एखाद्या घरी व्यंग असलेले मूल जन्मले, तर काय केले होतेस, असे त्याच्या आईला कोणी विचारण्यापूर्वी आपण तेथे जाऊन, मुलाला कोणत्या रुग्णालयात दाखवायचे, ते तिला सांगावे व तिच्यासोबत जावे.